लंडनला गाडी घेऊ, नाशिकला येऊ!

दोस्तांनो, परवा आमच्या शेजारचा नववीतला मुलगा जगाचा नकाशा बगलेत मारून घरी आला. मागोमाग त्याचे आजोबाही आले. मुलानं नकाशा सतरंजीवर पसरला नि एकदम विचारलं, "काका, विमानानं लंडनला जायचं, तिथेच एक जुनी मोटरसायकल विकत घ्यायची आणि ती चालवत नाशिकला यायचं. जमेल?"

आजोबा हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता बरं का! कारण असा एक जण खरंच निघाला होता.

पार्टीतली बढाई

साल १९३२. रॉबर्ट फुल्टन नावाचा अमेरिकन तरुण व्हिएन्नात वास्तुकला शिकत होता. वय अवघं तेवीस. लंडनमध्ये जेवणाच्या एका पार्टीत त्याला कुणी तरी विचारलं, आता घरी कसा जाणार? हा पठ्ठ्या म्हणाला, "मोटरसायकलवरून, जगाला वळसा घालून!" नेमका डग्लस मोटरसायकल कंपनीचा माणूस तिथेच बसला होता. त्यानं गाडी देऊ केली. आता आली का पंचाईत! बोललेला शब्द पाळणं भाग होतं. फुल्टन युरोप, तुर्कस्तान, सिरिया, इराक असं करत आपल्या भारतात आला. पुढे चीन, जपान करून सुमारे दीड वर्षानं, १९३३ च्या डिसेंबरात घरी पोचला. पुढे तो मोठा संशोधक झाला. रस्त्यावर धावणारं आणि पंख जोडले की आकाशात उडणारं वाहन त्यानं बनवलं!

"बघा आजोबा!" मुलगा म्हणाला. "म्हणजे जमतं. फक्त पैसे हवेत."

पैसे हवेतच. पण नुसत्या पैशानं भागत नाही. कसं ते पाहू.

गाडी कुणाच्या नावावर?

आपल्या नाशिकच्या गाड्यांच्या पाटीवर एमएच १५ असं लिहिलेलं असतं. पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात त्या गाडीची नोंद झालेली असते. मालक कोण, पत्ता काय, इंजिनचा नंबर काय, सगळं तिथे लिहिलेलं. परदेशातही हीच रीत. ब्रिटनमध्ये जुनी गाडी घेतली, तर नोंदणीच्या कागदावर तिथला पत्ता लागतो. शिवाय विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यानं पत्ता कुठला द्यायचा? म्हणून परदेशी प्रवासी तिथल्या एखाद्या ओळखीच्या कुटुंबाचा आधार घेतात. जर्मनीत तर देशाबाहेर न्यायच्या गाडीला निराळीच पाटी मिळते. तिच्या कडेला लाल पट्टा असतो नि मुदत संपायची तारीख त्यावरच छापलेली असते.

व्हिएतनाममध्ये बरेच प्रवासी हनोईत जुनी गाडी घेतात, देशभर फिरतात आणि हो चि मिन्ह शहरात ती दुसऱ्या प्रवाशाला विकून टाकतात. पण गाडीचं निळं कार्ड पुष्कळदा भलत्याच, कधी काळच्या मालकाच्या नावावर राहतं. देशातल्या देशात ते खपून जातं. सीमेवरचा अधिकारी मात्र विचारणारच, "गाडी तुमची, तर कागदावर नाव कुणाचं?"

गाडीचाही पासपोर्ट!

माणसाला परदेशी जायला पासपोर्ट लागतो हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण तो छापला कुठे जातो, सांगा पाहू? आपल्या नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात! आता गंमत ऐका. गाडीलाही एक पासपोर्ट असतो. त्याचं नाव कार्ने. ही एक वही असते. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. गाडी देशात शिरली की एक भाग सीमेवरचा कस्टम अधिकारी ठेवून घेतो. गाडी बाहेर पडली की दुसरा भाग. तिसरा शिक्क्यांसह वहीतच राहतो. वहीची मुदत साधारण एक वर्ष.

एवढा खटाटोप कशासाठी? परदेशी गाडी देशात आणून विकायची, तर त्यावर आयातकर भरावा लागतो आणि तो पुष्कळ असतो. मग उद्या कुणी "मी पाहुणा आहे हो" म्हणत गाडी आत आणली नि गुपचूप विकून पसार झाला तर? म्हणून त्याच्या वतीनं कुणी तरी हमी द्यायची, की गाडी परत बाहेर गेली नाही, तर कर आम्ही भरू. ही हमी वाहनचालकांच्या संघटना देतात. अशी एक जुनी संघटना मुंबईत आहे, १९१९ सालची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन. अर्थात संघटना फुकट हमी देत नाही. ती आधी आपल्याकडून अनामत रक्कम किंवा बँकेची हमी घेते. सगळे शिक्के बरोबर मारलेली वही परत केली की अनामत मोकळी होते.

"म्हणजे जामीनच की!" इतका वेळ गप्प बसलेले आजोबा म्हणाले. "मी एकदा पतपेढीत मित्राला जामीन राहिलो होतो. त्याचा धंदा बसला. दोन वर्षं त्याचे हप्ते मी भरले."

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. ही गोष्ट त्याला माहीत नव्हती.

युरोपातल्या देशांना ही वही लागत नाही. इराण, पाकिस्तान, इजिप्त यांना लागते, आणि परदेशी पाटीची गाडी आणायची तर आपल्या भारतालाही! म्हणजे लंडनची गाडी नाशिकला आणली, तरी ती कायमची ठेवता येणार नाही. मुदतीत परत बाहेर न्यायची. जुनी गाडी आयात करायचे नियम तर फारच कडक आहेत.

नकाशावरची रेघ

मुलानं नकाशावर पेन्सिलीनं सरळ रेघ मारली. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान, अमृतसर. मग मुंबई-आग्रा महामार्गानं थेट नाशिक. पण रेघ मारणं सोपं! २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारी-वाघा सीमेवरची वाहतूक बंद झाली. फुल्टनच्या वेळी तिथे सीमाच नव्हती. त्यामुळे निघण्यापूर्वी कुठली वाट उघडी आहे हे तपासायलाच हवं. चीनमधून यायचं, तर तिथला वाटाड्या सोबत घ्यावा लागतो आणि तात्पुरता परवानाही काढावा लागतो.

नॉटिंगहॅमची सकाळ

आता अगदी अलीकडची गोष्ट. योगेश आलेकरी हा मराठी तरुण २०२५ च्या मे महिन्यात मुंबईहून मोटरसायकलवर निघाला. नेपाळ, चीन असे देश ओलांडत तो इंग्लंडला पोचला. पुढे आफ्रिकेला जायचा बेत होता. ऑगस्टच्या अखेरीस नॉटिंगहॅममध्ये तो एका बागेपाशी न्याहारीला थांबला. परत येऊन बघतो तर गाडी गायब! गाडीवर बांधलेलं सामान आणि पासपोर्टही गेला. हजारो किलोमीटरची सोबत काही मिनिटांत नाहीशी झाली.

बातमी सगळीकडे पसरली. अनोळखी माणसं मदतीला धावली. जवळच्या मॅन्सफिल्ड गावातल्या एका मोटरसायकलवाल्यानं त्याला दुसरी गाडी चक्क भेट दिली! म्हणजे आपल्या मित्राच्या प्रश्नासारखंच झालं की. परदेशातली गाडी, परदेशातली पाटी. पण नवी गाडी म्हणजे नवी नोंदणी, नवा विमा, नवी हमी. गाडी एका दिवसात मिळते, कागद नाही. आणि दोन्ही मिळतात ती कुणी तरी विश्वास टाकला म्हणून.

मग जमेल का?

जमेल! गिअरची मोटरसायकल चालवायचा परवाना अठरा वर्षं पुरी झाल्यावर मिळतो. त्यानंतर आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढता येतो. तोही एक वर्षापुरताच. तोवर पुष्कळ करता येईल. नकाशा वाचायला शिका. पंक्चर काढायला, साखळीला तेल द्यायला शिका. आणि आपली कागदपत्रं जागच्या जागी ठेवायची सवय लावून घ्या. पालकहो, ही शेवटची सवय आपल्यालाही लागली तर बरंच!

जाताना मुलानं नकाशाची गुंडाळी केली आणि हळूच विचारलं, "आजोबा, माझ्या गाडीला तुम्ही जामीन राहाल?"

आजोबा चप्पल घालत म्हणाले, "राहीन की. पण आधी मावशीची सायकल परत दे. महिना झाला आणून. आणि पंक्चर काढून दे हो!"