वही बदलताना जुन्या नोंदींचे काय?

सातबारा पाहिला की जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते कळते. ती त्या नावावर कशी आली, हे पाहायचे तर फेरफाराची नोंद काढावी लागते. संगणकाच्या प्रोग्रामचेही तसेच आहे. अनेकजण एकाच प्रोग्रामवर काम करतात, तेव्हा कोणती ओळ कोणी, कधी आणि का बदलली, याची वही ठेवावी लागते. ही वही म्हणजेच ‘व्हर्जन कंट्रोल’ प्रणाली. आता ही वहीच बदलायची वेळ आली तर?

लिनक्सवर ती वेळ आली होती. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. २००२ पासून त्याच्या नोंदी ‘बिटकीपर’ या खासगी कंपनीच्या प्रणालीत ठेवल्या जात. वापर मोफत, पण अटींवर. २००५ मध्ये अटींवरून वाद झाला आणि मोफत वापराची सवलत गेली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःच नवी प्रणाली लिहायला घेतली. तिचे नाव ‘गिट’. ७ एप्रिलला गिटच्या नोंदी गिटमध्येच होऊ लागल्या आणि १६ एप्रिलला कर्नलही तिथे आले.

आला तो मात्र फक्त त्या दिवशीचा मजकूर. जुन्या नोंदी हाताशी होत्या, पण त्या आणल्या तर सुमारे ३.२ गिगाबाइट जागा लागणार होती, म्हणून त्या मागे ठेवल्या. परिणाम असा की, एखादी जुनी ओळ कोणाची, असे आज गिटला विचारले तर शोध १६ एप्रिलपाशी थांबतो आणि नाव येते टोरवाल्ड्स यांचे. लिहिणारा भलताच कोणी असू शकतो! पुढे जुन्या नोंदींचा वेगळा संग्रह तयार झाला. तो जोडून घेता येतो. पण तो आहे, हे आधी ठाऊक हवे.

तेव्हा वही बदलणाऱ्यांनी आधी रंगीत तालीम करावी. जुन्या वहीतली टोपणनावे खऱ्या नावांशी जुळवावीत. दोन्हीकडचा मजकूर ताडून पाहावा. जुनी वही फेकू नये. फक्त वाचण्यापुरती जपावी.

एखादी ओळ विचित्र दिसते, म्हणून नवा माणूस ती खोडायला निघतो. ती कोणत्या अडचणीपोटी लिहिली गेली, हे त्याला ती जुनी वहीच सांगू शकते.