साधनपेटीतला मीटर एवढा महाग का?



आयटीआयमधून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स पूर्ण केलेल्या आपल्या मुलांना आपण साधनपेट्या देतो, हे आपणांस ठाऊक आहे. मागच्या पेट्यांचा हिशेब वाचून एका ज्येष्ठ बंधूंनी उपासनेनंतर मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, बाजारात अडीचशे-तीनशे रुपयांत मीटर मिळतो. तुम्ही त्याच्या कित्येक पट किमतीचा घेतलात, आणि ड्रिल मशीन मात्र दिलेच नाही. हे कसे?"

प्रश्न रास्त होता. आपल्या पैशाचा हिशेब द्यायलाच हवा, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझा डिप्लोमा ईश्वरविज्ञानाचा. मेगर कशाशी खातात हे त्यात शिकवत नाहीत. जे कळले ते नाशिकच्या दुकानांत उभे राहून, जुन्या वायरमन लोकांना विचारून आणि एका अपघातातून कळले.

तो अपघात आधी सांगते. आमचा एक मुलगा पाड्यावरच्या पिठाच्या गिरणीची मोटर पाहायला गेला होता. त्याच्याकडे स्वतःच्या पैशांनी घेतलेला, कुठल्याच कंपनीचे नाव नसलेला स्वस्त मीटर होता. आधी त्याने छोट्या कामासाठी करंट मोजला होता, त्यामुळे लाल वायर दहा अँपिअरच्या भोकातच राहिली. तशीच ती घेऊन त्याने गिरणीच्या दोन फेजमधला दाब मोजायला टोके लावली. थ्री-फेजला दोन फेजमध्ये साधारण ४१५ व्होल्ट असतात. करंटच्या भोकातून मीटर म्हणजे आत जवळजवळ सरळ तारच असते, म्हणजे त्याने दोन फेज एकमेकांना जोडल्यासारखेच झाले. मीटर हातात फुटला. डोळे वाचले, उजव्या हाताची बोटे भाजली. दोन महिने त्याला पक्कड धरता आली नाही, आणि घरात कमावणारा तोच.

चूक त्याची होती, हे तोही कबूल करतो. पण अशी चूक अनुभवी माणसाकडूनही होते, म्हणूनच चांगल्या मीटरमध्ये त्या भोकामागे वाळू भरलेला चिनी मातीचा फ्यूज असतो. तो आतल्या आत तुटतो आणि ठिणगी विझवतो. स्वस्त मीटरमध्ये बहुधा छोटा काचेचा फ्यूज असतो, आणि दहा अँपिअरच्या भोकामागे पुष्कळदा फ्यूजच नसतो.

आता ब्रँडविषयी. पक्कड, पेचकस, कटर यांच्यासाठी आम्हाला फार डोके खाजवावे लागले नाही. नाशिकमध्येच बनणारी टपारियाची हत्यारे मुलांच्या हाताला आयटीआयपासूनच सवयीची आहेत. शिवाय पक्कड हातात घेतली की कळते: जबडे नीट मिटतात का, धार तार कापते का. एकच गोष्ट मी मुलांना बजावते. दांड्यावर प्लॅस्टिक आहे म्हणून ती पक्कड चालू लाईनवर चालेल असे समजू नका. त्यासाठी एकमेकांत अडकलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा दांड्यावर लागतो.

मीटरचे पोट मात्र बाहेरून दिसत नाही. त्यावर कॅट २, कॅट ३, कॅट ४ असे छापलेले असते. कॅट २ म्हणजे प्लगला लावलेली उपकरणे, कॅट ३ म्हणजे घराचे वायरिंग आणि बोर्ड, कॅट ४ म्हणजे खांबावरून येणारी सर्व्हिस वायर. डीपीच्या जितके जवळ जाल तितका बिघाडाच्या वेळी उसळणारा करंट मोठा, म्हणून आकडाही मोठा. पण छापायला काय लागते? तो आकडा खरा आहे याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी, आणि नावाजलेल्या कंपनीला आपण जास्त पैसे देतो ते त्यासाठी. फ्लूक उत्तमच, पण आमच्या हिशेबात बसत नाही. मोटवाने आणि ऋषभ या दोन्ही नाशिकच्याच कंपन्या, मेको मुंबईकडची. यांपैकी ज्याचा कॅट ३, ६०० व्होल्टचा मीटर त्या वेळी परवडेल तो आम्ही घेतो. बिघडला तर एस.टी.ने नाशिकला नेऊन दाखवता येतो. पेठ-सुरगाण्याच्या मुलांसाठी ही गोष्ट लहान नाही.

खिशातल्या टेस्टरवर का भागत नाही, असेही कुणी विचारतात. टेस्टरचा दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी थोड्या करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिले की तो मंद होतो आणि भर उन्हात दिसतच नाही. दिवा दिसला नाही म्हणजे तार बंद आहे, असे मानणे जिवावर बेतू शकते. मीटरनेसुद्धा आधी चालू जागी तपासायचे, मग बंद केलेल्या तारेवर, आणि पुन्हा चालू जागी. मधल्या वेळात मीटरच बिघडला नाही ना, हे त्यातूनच कळते.

टाँग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर, यंदा पहिल्यांदाच पेटीत आला, आणि त्यावरून आमच्यात बराच वाद झाला. स्वस्त टाँग टेस्टर फक्त एसी करंट मोजतात. आपल्या भागात आता सौरपंप आले आहेत आणि पॅनेलकडून येणारा करंट डीसी असतो. एसीचा टाँग टेस्टर त्या तारेवर शून्य दाखवतो. मुलगा समजणार करंट नाही, आणि चालू पंपाचा जोड हाताने सुटा करणार. डीसीची ठिणगी एसीसारखी सहज विझत नाही, ती ताणली जाते. पॅनेलच्या रांगेत काही शे व्होल्ट असतात. म्हणून एसी-डीसी दोन्ही मोजणारा घेतला. पेटीतला सगळ्यात महाग नग तोच.

राहिला ड्रिल. बॉश, मकिता, डिवॉल्ट, तिन्हींची यंत्रे चांगली आहेत, आणि खरे सांगायचे तर नवशिक्याला त्यांतला फरक फारसा जाणवणार नाही. आपल्या पाड्यांवरची बरीच घरे अजून कारवीच्या कुडाची आहेत; तिथे छिन्नी आणि हातोडी पुरते. विटांच्या भिंतीला साधे हॅमर ड्रिल चालते, आणि स्लॅब फोडायचे मोठे मशीन तालुक्याला भाड्याने मिळते. बॅटरीवरचे ड्रिल मुलांना फार आवडते. वीज नसलेल्या घरात ते सोयीचेही आहे. पण एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी नवी बॅटरी घ्यायला त्या मुलाकडे पैसे असतील का, हा प्रश्न आहे. ड्रिल बिघडले तर एक दिवसाची मजुरी जाते. मीटर चुकला तर काय जाते ते गिरणीवर पाहिले.

मोटरचे इन्सुलेशन पाहायचा मेगर प्रत्येकाला देणे शक्य नाही. (मेगर हेही मुळात एका कंपनीचे नाव, पण आता सगळेच तसे म्हणतात.) ५०० व्होल्टचा एक मेगर आमच्या केंद्रावर ठेवला आहे. मुले नोंदवहीत सही करून नेतात आणि परत आणतात.

आपल्यापैकी काही जण घरी पडून असलेली जुनी साधने पाठवू इच्छितात. ड्रिल मशीन अवश्य पाठवा, फक्त त्याचे कार्बन ब्रश अजून बाजारात मिळतात का ते दुकानात विचारून घ्या. जुना मीटर मात्र पाठवू नका. त्याच्या आतला फ्यूज कुणी कधी तार बांधून चालू केला होता का, हे आम्हाला कळायला मार्ग नाही.