खिचडीची पंगत आणि गरिबीची मोजणी

आज एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. शाळेत फुकट जेवणारी मुलं मोजली, तर गरीब किती ते कळतं का?

अमेरिकेत बराच काळ तसंच धरून चालले. तिथे पालक उत्पन्नाचा अर्ज भरतात. सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर मुलाला जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. शाळेत गरीब किती, असं विचारलं की हाच आकडा पुढे यायचा. मग २०१० च्या कायद्याने गरीब वस्त्यांतल्या शाळांना अर्ज न घेता सगळ्यांनाच मोफत जेवण द्यायची मुभा दिली. झालं काय, तर कागदावर अख्खी शाळा गरीब! गरिबी होती तेवढीच होती, नियम तेवढा बदलला.

आपल्या न्यायशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात. लक्षण नको तिथेही लागू पडतं. हवं तिथे लागू न पडणं ही अव्याप्ती. तिचं उदाहरण तुमच्या घरातच आहे, रेशनकार्ड. १९९९ मध्ये राज्यात तीन रंगांची कार्डं आली. पिवळ्याची मर्यादा वर्षाला १५,००० रुपये. पाच माणसांच्या घरात वाटून बघा, माणशी दिवसाला आठ रुपये. इथे लासूर स्टेशनच्या बाजारात आठ रुपयांत काय येतं, तुम्हीच सांगा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर ग्रामीण भागातल्या प्राधान्य कुटुंबाची मर्यादा ४४,००० ठरली. म्हणजे चोवीस रुपये. मग पंचवीस रुपयेवाला गरीब नाही का?

शाळेतली खिचडी मात्र कार्ड विचारत नाही. योजना १९९५ ची. आधी धान्य घरी जायचं, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न मिळू लागलं. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची सगळी पोरं एका पंगतीत. म्हणून या पंगतीवरून गरिबी मोजता येत नाही, आणि मोजूही नये. कोणाच्या घरी काय आहे, ते शेजारच्या पोराला कळत नाही, हे फार मोलाचं आहे.

मोजणी वेगळी करा. घरोघर जाऊन विचारा: कामाचे दिवस किती, कर्ज किती, ऊसतोडीला कोण गेलं. आणि नववीतल्या पोराला विसरू नका. त्याची पंगत आठवीलाच उठलेली असते, भूक उठलेली नसते.