साहेबांना बिस्किटं, घरच्यांना भाकर



भात लावणीची पाहणी करत डोंगराकडच्या एका वाडीत गेलो होतो. दुपार टळून गेलेली. घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, आमच्यात काय, नाचणीची भाकर अन् कुर्डूची भाजी. थांबा, पोराला बिस्किटाचा पुडा आणायला धाडते." मी भाकरच मागून घेतली. पण ते बोलणं डोक्यातून जाईना. ज्या घरात पिकतं, शिजतं, तिथंच त्याची लाज का वाटावी?

कारण शोधायला लांब जायला नको. पाककृतींची पाने उघडा, टीव्हीवरचे स्वयंपाकाचे कार्यक्रम बघा. पनीर, चीज, केक भरपूर. हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी, कण्या, आंबील क्वचितच. आली तरी 'गावाकडची गंमत' म्हणून. करणारीचं नाव नाही, गावाचंही नाही. छापून येतं ते भारी, न येणारं हलकं, असं मग आपल्यालाच वाटू लागतं.

आम्ही खात्याची माणसंही यात आलोच. ज्वारी, बाजरी, नाचणीला आम्ही वर्षानुवर्षे 'भरडधान्य' म्हणत आलो. २०१८ साली केंद्र सरकारने त्यांना 'पोषक धान्य' असं नाव दिलं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं पौष्टिक तृणधान्य वर्ष. त्याच धामधुमीत आम्ही एका गावात पाककृती स्पर्धा घेतली. पहिला नंबर नाचणीच्या केकला दिला. परीक्षकांत मीही होतो. आंबिलीचं गाडगं घेऊन आलेल्या आजींना आम्ही कृतीसुद्धा विचारली नाही. चूक आमचीच.

आता आकडे बघा. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम, पॉलिश केलेल्या तांदळात १० च्या आसपास. २०२५-२६ च्या खरिपासाठी सर्वसाधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, नाचणीचा ४,८८६ रुपये. म्हणजे कागदावर दुपटीहून जास्त मोल! पण जवळपास सरकारी खरेदीची सोय नसली, की व्यापारी 'भरड' म्हणूनच माल मोजतो आणि आपण मान डोलावतो. हलकं नाव असं खिशालाही भोवतं.

सगळा दोष शहराला देऊनही भागणार नाही. गावातही सगळी ताटं एका पंक्तीत नाहीत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याची नोंद केली. नेहमीच्या पाककृतींच्या पुस्तकांत ते पदार्थ शोधून सापडत नाहीत. दुष्काळात कमीत कमी जिनसांत घर जगवणारं ते ज्ञान आहे. ते कोणी लिहून ठेवायचं?

यावर आपल्या हातात असलेल्या काही गोष्टी सांगतो.

१) जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती कपाटातून काढावी. रानभाज्या, गावरान वाण यांच्याबरोबर ते कसे शिजवतात हेही लिहावं. फक्त गावठाणात नव्हे, प्रत्येक वस्तीत, पाड्यावर जावं. सांगणारीची संमती घेऊन तिचं नाव टाकावं.

२) पाककृती स्पर्धेत रोजच्या जुन्या पदार्थांचा वेगळा गट ठेवा. परीक्षकांत गावातली एक जाणती बाई हवीच.

३) बचत गटांनी पुड्यावर गावाचं आणि वाणाचं नाव छापावं.

४) कोणी पत्रकार वा टीव्हीवाले आले, तर पदार्थ दाखवा, पण करणारीचं नाव घालायला सांगा. त्यात संकोच कसला?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती घरचं बियाणं जपल्याबद्दल. बियाण्याला मान मिळाला, तसा ते शिजवणाऱ्या हातालाही मिळायला हवा.

आपल्या घरातली एक कृती या आठवड्यात लिहून काढा. आजीला लिहिता येत नसेल तर नातवाने लिहावी. आणि पुढच्या खेपेला आमच्यापैकी कोणी दारात आला, तर दुकानात पोर धाडू नका. भाकर वाढा.