चौलच्या नावातील तीन अक्षरे

आमच्या शाळेचा पत्ता इंग्रजीत वाचणारा परगावचा माणूस गावाचे नाव हटकून ‘चॉल’ असे उच्चारतो. त्यात त्याचा दोष नाही. सी-एच-ए-यू-एल ही अक्षरजुळणी पोर्तुगीजांच्या वळणाची आहे. त्यांच्या भाषेत ‘ए-यू’ या जोडीचा उच्चार ‘आउ’ होतो, इंग्रजीत तो बहुधा ‘ऑ’ होतो. कान्हेरीच्या शिलालेखांत दानकर्त्यांच्या गावाचे नाव ‘चेमुल’ असे येते, ते हेच चौल. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

येथे विचार करावयाचा आहे तो ‘ए-यू-एल’ या तीन अक्षरांचा. ज्या मुलाच्या घरात इंग्रजीचे पुस्तक त्याच्याच दप्तरातून प्रथम आले, त्याला प्रत्येक स्पेलिंग सुटे पाठ करणे म्हणजे डोंगर वाटतो. शब्द कुळांनी ओळखले, तर हे ओझे पुष्कळ हलके होते, आणि शब्दखेळात त्याचा फायदा होतो तो वेगळाच.

हे कूळ पाहा: हॉल (दिवाणखाना नव्हे, ‘ओढणे’ या अर्थाचा), फॉल्ट, व्हॉल्ट, असॉल्ट, टारपॉलिन, हायड्रॉलिक, कॉलिफ्लॉवर. प्रत्येकात ही तीन अक्षरे सलग आहेत आणि प्रत्येकात ‘ऑ’ ऐकू येतो. जर्मनमधून आलेला ‘गाउलायटर’, म्हणजे नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख, तेवढा ‘आउ’ राखून आहे. उच्चारापुरता तो आपल्या चौलचा सोबती.

उच्चार एक असला तरी मुळे वेगळी आहेत. कॉलिफ्लॉवरमध्ये देठ किंवा कोबी या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. हायड्रॉलिकमध्ये ग्रीकांचे ‘पाणी’ आणि ‘नळी’ हे दोन शब्द आहेत. त्या नळीवाचक शब्दाने ग्रीक लोक आपल्या एका सुषिर वाद्यालाही ओळखत. असॉल्ट आणि सॉमरसॉल्ट, म्हणजे हल्ला आणि कोलांटउडी, ही मात्र सख्खी भावंडे: दोहोंच्या मुळाशी ‘उडी मारणे’ हाच अर्थ आहे.

आमच्या गावाची पाचही अक्षरे क्रमाने आरंभी असलेला एक शब्द इंग्रजी कोशांत आहे: चॉलमूग्रा. तो बंगालीतून आला. गावाशी त्याचा संबंध नाही. या झाडाच्या बियांचे तेल कुष्ठरोगावर वापरले जाई. आपल्या सह्याद्रीतले कडू कवठ हे त्याच्याच भाऊबंदांतले. तेल पोटात घेतले की मळमळे आणि टोचले तर शरीरात नीट शोषले जात नसे. ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने हवाईमध्ये १९१५-१६ च्या सुमारास त्याचे टोचण्याजोगे रूप सिद्ध केले. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत रुग्णांना त्याचाच आधार होता.

स्क्रॅबलमध्ये विशेषनाम चालत नाही, म्हणून ‘चौल’ मांडता येत नाही. चॉलमूग्रा अकरा अक्षरांचा आणि खेळाडूच्या हाती सोंगट्या सातच. परंतु पटावर एच-ए-यू-एल आधीच मांडलेले असेल आणि दोन्ही बाजूंना जागा मोकळी असेल, तर पुढे सी आणि मागे एम-ओ-ओ-जी-आर-ए लावावे. साती सोंगट्या एका डावात संपतात. अक्षरांचे १९ गुण आणि सात सोंगट्यांचे ५० मिळून ६९. रंगीत घरांचे गुण त्याहून वेगळे.