सुरू न झालेल्या संगणकाला ते कळतं कसं?

ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन निळी झाली. पुन्हा चालू केलं, पुन्हा निळी. मग कुणी काही न करता 'ऑटोमॅटिक रिपेअर' अशी अक्षरं उमटतात. मला त्याचं अजून नवल वाटतं. विंडोज सुरूच झालं नाही, तर ते सुरू झालं नाही हे ओळखलं कुणी?

युक्ती विलक्षण साधी आहे. बूट लोडर कामाला लागताच डिस्कवर एक खूण करतो. लॉगिनचा पडदा येण्याआधी विंडोज ती पुसतं. मध्येच कोसळलं, तर पुसायला कुणी उरतच नाही! पुढच्या वेळी लोडरला खूण तशीच दिसते. लागोपाठ दोनदा असं झालं, की तो नेहमीची वाट सोडतो आणि दुरुस्तीसाठी वेगळं ठेवलेलं छोटंसं विंडोज उघडतो. सुरू होताना वीज गेली तरी खूण राहतेच. म्हणून पॉवरचं बटण दाबून धरत मुद्दाम दोन-तीनदा बूट तोडलं, तरी हाच पडदा येतो.

पण एका ड्रायव्हरपायी सगळा संगणक का अडावा? ब्राउझर चुकला तर एकटा बंद पडतो. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा मुख्य भाग मात्र कर्नलमध्ये, विंडोजच्या गाभ्यातच चालतो. तिथे मेमरीचा चुकीचा पत्ता वाचला गेला, की विंडोज स्वतःहून थांबतं, कारण पुढे रेटलं तर आपल्या फायलींवर भलतंच लिहिलं जाऊ शकतं. निळी स्क्रीन म्हणजे खरं तर आपल्या फायलींची राखण.

दुरुस्तीच्या पडद्यावरून 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये जाऊन ४ दाबलं, की सेफ मोड येतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की लागते. सेफ मोडमध्ये अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर लोड होतात, त्यामुळे चित्र ओबडधोबड दिसतं, पण यंत्र चालतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' निवडायचं.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक असेच अडले. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर जुनाच होता. कंपनीने त्याला वाचायला पाठवलेली फाइल नवी होती. ती वाचताना ड्रायव्हर २१वं मूल्य शोधू लागला, हाती होती २०च. हैदराबादला विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय तोच होता: सेफ मोडमध्ये जा, 'सी-०००००२९१'ने सुरू होणारी फाइल काढून टाका. मात्र ते एकेका यंत्रापाशी जाऊन करायचं होतं.

मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधले काही आभासी संगणक तर नुसतं रीस्टार्ट करूनच सावरले. कुणाला १५ वेळासुद्धा करावं लागलं. दर वेळी शर्यत लागायची. आधी संगणक कोसळतो, की आधी नेटवर्क जोडलं जाऊन दुरुस्त फाइल उतरते? कधीतरी एकदा नेटवर्क जिंकायचं.