तेलाचा चुनखडक आणि नगरचा काळा पाषाण

पारनेर, संगमनेर, पाथर्डी... बोअरची गाडी कुठेही लागो, वर येणारा क्रम ठरलेला: माती, मुरूम, मांजऱ्या खडक आणि मग काळा पाषाण. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट. अहिल्यानगर जिल्ह्यात चुना दिसतो तो प्रवरेकाठच्या गाळातल्या खड्यांत, नाहीतर वडगाव दर्याच्या गुहेतल्या लवणस्तंभांत. भूशास्त्राच्या हिशेबात दोन्ही कालपरवाचे. तेलाशी त्यांचा संबंध नाही.

हाच बेसॉल्ट पश्चिमेला अरबी समुद्राखाली जातो, आणि तिथे मात्र चित्र उलटते. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या तराफ्याला मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल लागले, 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. ‘मुंबई हाय’ नावाच्या या तेलक्षेत्राचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे.

तेल चुनखडकात सापडले, म्हणजे ते चुनखडकाचेच, असे वाटणे साहजिक आहे. पण उथळ, स्वच्छ, ऊन पोहोचणाऱ्या पाण्यात चुना साचतो तेव्हा ऑक्सिजनही मुबलक असतो, आणि मेलेले जीव गाडले जाण्याआधीच कुजून संपतात. शिंपल्यांचे सांगाडे उरतात, सेंद्रिय अंश उरत नाही. अपवाद आहेत, आणि मोठे आहेत: सौदी अरेबियात जुरासिक काळातल्या कोंडलेल्या, ऑक्सिजन तुटलेल्या खोलगटांत साचलेल्या चुन्याच्या चिखलानेच तिथल्या अजस्र क्षेत्रांना तेल पुरवले.

मग कोणता चुनखडक जन्मदाता आणि कोणता नुसता भाडेकरू, हे ठरवायचे कसे?

आधी खडकाची पूड हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात. चुना फसफसून जातो. नाहीतर त्याच्यातला कार्बन सेंद्रिय म्हणून मोजला जाईल. शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या थरांपासून बनलेल्या खडकात, निदान अर्धा टक्का सेंद्रिय कार्बन अपेक्षित असतो, चुनखडकात जुन्या निकषाप्रमाणे 0.3 टक्केही चालतात. पण हा आकडा एकटा फसवा. म्हणून 1970च्या दशकात फ्रेंच पेट्रोलियम संस्थेत घडलेली रॉक-इव्हॅल चाचणी येते. चिमूटभर पूड ऑक्सिजनविना 300 अंशांवर तापवली की आधीच तयार झालेले तेल सुटते, हा पहिला झोत. पुढे मिनिटाला 25 अंशांनी 650पर्यंत नेले की केरोजेन, म्हणजे न विरघळणारा सेंद्रिय अंश, फुटून नवे तेल-वायू देतो, हा दुसरा झोत. तो शिगेला पोहोचतो ते तापमान 435 अंशांच्या आसपास वा थोडे वर असेल, तर खडक तेल देण्याइतका शिजलेला समजतात. दुसऱ्या झोतात खडकाच्या ग्रॅममागे 6 मिलिग्रॅम हायड्रोकार्बन सुटले आणि सेंद्रिय कार्बन 2 टक्के असला, तर हायड्रोजन निर्देशांक 300 येतो. असा खडक तेल देऊ शकतो.

खरी मेख पहिल्या झोतात आहे. सच्छिद्र चुनखडकात बाहेरून तेल झिरपलेले असेल, तर पहिला झोत सेंद्रिय कार्बनच्या मानाने बेसुमार मोठा येतो. भाडेकरूचा सुगावा तिथेच लागतो.

मुंबई हायचा चुनखडक भाडेकरूच ठरतो. त्याचे तेल आले ते प्रामुख्याने त्याहून जुन्या, पन्ना नावाच्या थरांतल्या काळ्या, कोळसामिश्रित शेलमधून, शेजारच्या खोल द्रोणींतून वर सरकत. लाव्हा थंडावला, किनारा खचला, समुद्र आत आला, त्यानंतर हे थर साचले. तिथे बऱ्याच भागात बेसॉल्ट ही जमीन आहे, तर नगरला तेच छत.

छताखाली काय? नगरचे थेट उत्तर नाही, पण शेजारचे नमुने आहेत. किल्लारीला 1993च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधणीत 338 मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळखडक, मग ग्रॅनाइटसारखा कठीण पाया. कोयनेच्या परिसरातल्या 2017च्या 3 किलोमीटर खोल विंधणीत सव्वा किलोमीटर बेसॉल्टनंतर थेट तो पाया. मध्ये गाळखडक नाहीच. हे दोन नमुने पाहता नगरबद्दल फार आशा बाळगावी असे काही नाही. उत्तरेला नर्मदा-तापी पट्ट्यात मात्र बेसॉल्टखाली जाड गाळखडक असल्याचे भूभौतिक सर्वेक्षणांतून सुचवले गेले आहे, आणि तेलाचा शोध घेणाऱ्यांची नजर तिकडेच आहे. तिथेही एक अडचण आहे: बेसॉल्टचे थर भूकंप-लहरी विखुरतात, त्यामुळे खालचे चित्र धूसर येते. शिवाय लाव्ह्याच्या भित्तींनी शेजारचा खडक गरजेपेक्षा जास्त तापवला असेल, तर तेल तयार होऊन केव्हाच वायूत मोडले असेल. त्याचा निकाल नकाशावर लागत नाही. त्यासाठी गाभ्याचा तुकडाच वर आणावा लागतो.